एकट्यानं जिना कोण चढणार?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार. (आमच्यात सलाम म्हणतात, तोही घ्या.)

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांच्या पानावर आमच्याच समाजातल्या एका भाऊंचं पत्र वाचलं. की हल्ली चर्चमधल्या लोकांचं आचरण राहिलेलं नाही, पिणारे, घटस्फोटवाले, पोराबाळांची लग्नं बाहेर करणारे असले लोक मंडळीच्या (म्हणजे आमच्या चर्चच्या) कमिटीत नकोतच, ज्याचं जीवन स्वच्छ त्यानेच निवडणुकीला उभं राहावं वगैरे. पत्र छान लिहिलंय, शुद्धलेखनाच्या चुका पण नाहीत (मी मास्तरीण होते, माझं आधी तिकडेच लक्ष जातं). वाचताना मी मान डोलावत होते हे कबूल करते. मग चहा घेता घेता डोक्यात हिशोब मांडला, पिणारे वजा, घटस्फोटवाले वजा, भावाशी जमिनीवरून कोर्टात भांडणारे वजा, सुनेला छळणाऱ्या वजा, खोटी मेडिकल बिलं लावून पैसे उचललेले वजा, आणि शेवटी मीटिंगला फक्त खुर्च्या उरल्या. त्यातली पण एक मोडकी आहे.

म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, पण मधलं कापू नका.

मी शरणपूर रोडला राहते, जन्मही इथलाच, महापालिकेच्या शाळेतून रिटायर झाले, मंडळीच्या महिला मंडळाची अकरा वर्षं सेक्रेटरी होते. म्हणजे हे बाहेर उभं राहून लिहीत नाहीये, मी आतलीच आहे, आणि आमच्यात जी बोटं रोखली जातात त्यात माझं बोट बरीच वर्षं सगळ्यात पुढे होतं.

दर रविवारी आम्ही सगळे मिळून पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली, म्हणतो. पाळकसाहेब (आमचे धर्मगुरू) म्हणतात, ऑर्गनवाला म्हणतो, पहिल्या बाकावरचे म्हणतात, उशिरा येऊन खांबाआड बसणारे पण म्हणतात. हरवलेल्या मेंढरांसारखे आम्ही भरकटलो, करायचं ते केलं नाही, नको ते केलं, सगळं एका सुरात. कोणी मधेच "मी सोडून" असं म्हणत नाही. आणि सव्वाअकराला बाहेर पडलं की गेटजवळच्या झाडाखाली त्या "आम्ही"चं "तो" आणि "ती" होऊन जातं. तिच्या मुलीचं कळलं का? त्याला परवा कुठे बघितला माहित्येय का?

आणि हे सगळं आम्ही फार भक्तिभावाने करतो बरं का. चहाडीला आमच्यात चहाडी म्हणत नाहीत, प्रार्थनेचा विषय म्हणतात. "बहिणी, फक्त प्रार्थनेसाठी सांगते हं, कोणाला बोलू नकोस," आणि मग दहा मिनिटं बारीकसारीक सगळं, तारीखवार, आणि शेवटी डोळे मिटून "प्रभू तिला शहाणपण देवो, आमेन." आता तर व्हॉट्सॲपवर प्रार्थना साखळीचा ग्रुप आहे. तिथे एखाद्या घराचं नाव न घेता असं काही व्हॉइस नोटमध्ये सांगतात की गल्ली, मजला, पंख्याचा रंग सगळं कळतं, खाली हात जोडलेले सतरा इमोजी. कॅथलिक लोकांचं एक बरंय. कन्फेशनमध्ये फादरला सांगितलेलं फादरच्या पोटातच राहतं, त्याने बाहेर फोडलं तर चर्च त्यालाच बहिष्कृत करतं. आमच्यात पोट कोणालाच नाही, नुसते कान.

आता माझं सांगते. साल मुद्दाम सांगत नाही, वीसेक वर्षं झाली असतील.

हंगामाचा सण होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, या दिवशी लोक आपल्या घरचं, शेतातलं, जे असेल ते देवापुढे आणतात, गहू, बाजरी, कोंबडी, अंडी, कोणी केक, कोणी लोणचं, नाशिक म्हणल्यावर द्राक्षाची पेटी असतेच, आणि उपासनेनंतर त्या सगळ्याचा लिलाव होतो. त्या लिलावात मजा असते, कारण भाव वस्तूचा नसतो, माणसाचा असतो. आजीने आणलेलं एक लिंबू दोनशे रुपयाला जातं, आणि घेणारा ते परत लिलावाला देतो, पुन्हा दीडशे.

त्याच्या आधीच्या आठवड्यात आमच्या कानावर आलं की कॉयरमधल्या एका मुलीला चौथा महिना आहे. लग्न झालेलं नाही. बाजूच्या खोलीत बसून ठरवलं, ठरवणाऱ्या आम्ही, आणि मी दोघींना घेऊन तिच्या घरी गेले. आत पण नाही गेलो. दारातच उभ्या राहिलो, दार उघडं, शेजारची टीव्ही बंद करून ऐकतेय हे दिसत होतं. मुलगी खाली बसून मेथी निवडत होती. मी सांगितलं की कॉयरमध्ये उभं राहायचं नाही, प्रभुभोजन (उपासनेतला भाकर-द्राक्षारसाचा विधी) घ्यायचं नाही, आणि मंडळीपुढे माफीचं पत्र वाचल्याशिवाय हे उठणार नाही. ती काही बोलली नाही. मेथी निवडत राहिली, पण पानं आणि काड्या दोन्ही एकाच कागदावर टाकत होती, एवढं मला दिसलं आणि मला राग आला की हिचं लक्ष नाही. मास्तरीण ना मी.

मुलगा कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं. तो त्या रविवारी कीबोर्डवर होता. आम्ही म्हणलं, त्याचं नंतर बघू, आत्ता सणाच्या दिवशी वाजवणारं दुसरं कोण आहे.

लिलावात तिच्या आईने आणलेला दुधी भोपळा निघाला. चांगला हातभर, कोवळा. लिलाव पुकारणारे भाऊ एरवी फार हसवायचे, ते म्हणाले दहा रुपये. कोणी काही बोललं नाही. दहा रुपये एक वार. मी तिसऱ्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसले होते, पर्समध्ये पैसे होते. दहा रुपये दोन वार. शेवटी पुकारणाऱ्या भाऊंनीच तो घेतला. माफीचं पत्र वगैरे काही वाचलं गेलं नाही, महिन्याभरात ते लोक घर सोडून गेले.

बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायातली ती बाई सगळ्यांना माहित्येय, व्यभिचारात धरलेली, दगड घेऊन आलेले लोक, आणि येशू खाली वाकून बोटाने जमिनीवर लिहितो आणि म्हणतो, ज्याने पाप केलं नाही त्याने पहिला दगड टाकावा. या गोष्टीवर आमच्यात किती प्रवचनं झाली असतील, पण तो पुरुष कुठे गेला हे कोणी विचारत नाही. आणि मोशेच्या नियमशास्त्रात, लेवीय पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात, स्पष्ट आहे की दोघांना शिक्षा. म्हणजे जे लोक नियमशास्त्र हातात घेऊन आले त्यांनी अर्धं नियमशास्त्र घरीच ठेवलं होतं. तो पण कीबोर्ड वाजवत असेल कुठेतरी.

याच्यातली अजून एक गंमत आम्हाला पाळकसाहेबांनी उपवासकाळातल्या बायबल स्टडीला सांगितली. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सगळ्यात जुन्या ज्या हस्तलिखित प्रती आहेत त्यात ही गोष्ट नाहीच, म्हणून बऱ्याच बायबलांत तो भाग कंसात छापतात. का नाही याच्यावर विद्वानांचे वाद आहेत ते असोत, पण ऑगस्टीन म्हणून जे मोठे बिशप होऊन गेले, पाचव्या शतकातले, त्यांनी लिहून ठेवलंय की काही लोकांनी हा भाग आपल्या प्रतीतून काढून टाकला, कारण काय, तर बायकांना पाप करायला मोकळीक मिळेल अशी भीती. सोळाशे वर्षांपूर्वी! म्हणजे येशूने माफ केलं याचाच लोकांना त्रास झाला. हे ऐकून सगळे हसले, मला हसू नाही आलं.

बाहेरच्या लोकांचंही थोडं सांगते, कारण हे पत्र ते पण वाचतील. शाळेत स्टाफरूममध्ये मी कधी आवाज चढवला की कोणीतरी म्हणणारच, "बाई, तुमच्यात तर दुसरा गाल पुढे करतात ना?" अहो गाल माझा, तो कधी पुढे करायचा ते मी बघेन ना! एकीकडे अशी अपेक्षा की ख्रिश्चन माणसाला राग यायलाच नको, त्याने आयुष्यभर मदर तेरेसांसारखं वागायचं, आणि दुसरीकडे हिंदी सिनेमात वर्षानुवर्षं आमचा माणूस दाखवायचा तो बाटली हातात घेऊन झुलणारा. या दोन्हीच्या मधे आम्ही साधे लोक, पाणीपट्टी भरणारे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात आम्ही एक टक्का पण भरलो नाही. एवढासा समाज असला की प्रत्येकाला वाटतं एकाने शेण खाल्लं तर सगळ्यांच्या तोंडाला वास येणार. मग आपणच आपल्या माणसाला आधी झोडायचं, बाहेरच्यांनी बोट दाखवायच्या आत. मला वाटतं आमच्या कडकपणात देवाच्या भीतीपेक्षा शेजाऱ्याची भीती जास्त आहे. त्यात मिशन कंपाउंडची जुनी सवय, पूर्वी घर मिशनचं, नोकरी मिशनची, शाळा मिशनची, त्यामुळे वागणुकीचा शेरा वाईट आला की नुसतं चर्च नाही, चूल पण जायची. ते कंपाउंड गेलं, शेरे मारणं राहिलं.

आणि गंमत म्हणजे आम्ही राहतो ते शरणपूर. शरण आलेल्यांचं गाव. १८५०च्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने वसवलेलं. गुलामांची वाहतूक करणारी जहाजं इंग्रजांचं नौदल समुद्रात पकडायचं, त्यातून सुटलेली आफ्रिकन पोरं इथे आणून ठेवली, शिकवली, सुतारकाम लोहारकाम दिलं. त्यातलाच जेकब वेनराइट. १८७३ साली प्रसिद्ध मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला तेव्हा त्याच्या सोबत्यांनी त्याचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, आपल्या या शरणपूरच्या पोराने प्रार्थना वाचली, आणि मग सगळ्यांनी तो देह वाळवून, गुंडाळून, कित्येक महिने चालत समुद्रापर्यंत नेला. एप्रिल १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झालं तेव्हा शवपेटीसोबत जेकब होता. आता हे पण सांगायला पाहिजे की याच लिव्हिंगस्टनने आधीच्या तुकडीतल्या नाशिकच्या पोरांबद्दल आपल्या रोजनिशीत चांगलीच कुरकूर केलेली आहे. शेरा तेव्हा पण मारलेलाच होता. ज्याला खांदा द्यायचा होता त्यांनी दिला.

त्या पोरांना शरणपुरात घेताना कोणी चारित्र्याचा दाखला मागितला नव्हता एवढंच मला म्हणायचंय. आत आल्यावर शिस्त कडक असणारच, मिशनरी काही कमी नव्हते.

शुद्ध लोकांचंच चर्च पाहिजे हे पण नवीन नाही. इ.स. २५०च्या सुमारास रोमचा बादशहा डेसियस याने फर्मान काढलं की सगळ्यांनी रोमच्या देवांना बळी द्या, तेव्हा जिवाच्या भीतीने बऱ्याच ख्रिस्ती लोकांनी दिला. छळ संपल्यावर ते रडत परत आले. आता यांना घ्यायचं का? नोव्हेशियन नावाचा एक पुढारी म्हणाला, नाही, कधीच नाही. त्याच्या लोकांनी स्वतःला "शुद्ध" म्हणवून घेतलं, वेगळं चर्च काढलं आणि ते पुढे कितीतरी पिढ्या चाललं. ३२५ला निकियाची परिषद भरली, जिथे आपला विश्वासाचा मतांगीकार ठरला, तिथे या शुद्धवाल्यांचा एक बिशप होता, अकेसियस. बादशहा कॉन्स्टंटाईनने त्याला विचारलं, अहो विश्वास तर तुमचा आमचा एकच, मग वेगळे का? त्याने सगळं कारण सांगितलं, की मोठं पाप केलेल्याला आम्ही परत घेत नाही. तर बादशहा म्हणाला, मग शिडी लाव बाबा अकेसियस, आणि एकटाच चढ स्वर्गात. सोक्रातेस नावाच्या जुन्या चर्च इतिहासकाराने हे लिहून ठेवलंय. (आणि हे बोलणाऱ्या बादशहाने पुढच्याच वर्षी स्वतःच्या मोठ्या मुलाला मारवलं. म्हणजे शिडी देऊन पण तो किती पायऱ्या चढला असता देव जाणे.)

आता भाऊ म्हणतील, म्हणजे काय वाटेल ते करा असं का? नाही हो. इथेच आमचं सगळ्यांचं गाडं अडतं.

कुसळ आणि मुसळ तर अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे, म्हणींच्या धड्यात मीच शिकवलंय, आणि आमच्या मराठी बायबलात येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात हेच शब्द आहेत. पण लोक अर्ध्यावर थांबतात. येशू म्हणतो आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग तुला भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला नीट दिसेल. म्हणजे कुसळ काढायचंच आहे! ते तसंच राहू दे, डोळा सुजू दे, आपल्याला काय, असं नाही म्हणलेलं. डोळ्यातलं कुसळ कधी कोणी काढलंय तुमच्या? माझ्या आईने काढलंय, बाजरीच्या काढणीत. पापणी उलटी करून, लुगड्याच्या पदराचं टोक ओलं करून, आणि तिचा श्वास माझ्या तोंडावर येत होता इतक्या जवळून. ते रस्त्याच्या पलीकडून माईकवर काढता येत नाही.

आणि कसं काढायचं ते पण मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात लिहूनच दिलंय, पायरीपायरीने. भावाने अपराध केला तर पहिल्यांदा तू एकटा जा, तो आणि तू दोघंच असताना सांग. ऐकलं तर भाऊ मिळाला. नाही ऐकलं तर अजून एकदोघांना घेऊन जा. तरी नाही, मग मंडळीला सांग. आणि मंडळीचं पण नाही ऐकलं तर तो तुला जकातदारासारखा होवो. (आणि लोक ज्यांना पापी म्हणून टाळायचे त्या जकातदारांशी येशू कसा वागायचा? त्यांच्याकडे जेवायला बसायचा. मत्तय स्वतःच जकातदार होता.) आम्ही काय करतो, शेवटची पायरी पहिली. आधी मंडळीला, म्हणजे ग्रुपवर. मग एकदोघांना, म्हणजे गेटपाशी. आणि पहिली पायरी, एकट्याने जायची, ती कोणीच चढत नाही. चाळीस वर्षांत मी कोणाकडे एकटी गेले नाही, आणि माझ्याकडे कोणी एकटं आलं नाही, आणि माझ्यात पण काढण्यासारखी कुसळं काही कमी नव्हती, सुनेला विचारा.

अजून एक. "दोष काढू नका" हे वचन आमच्यात सगळ्यात जास्त कोणाच्या तोंडी असतं माहित्येय? ज्याने हिशोब दिलेला नाही त्याच्या. देणगीचं काय झालं विचारलं की लगेच, बहिणी न्याय करू नको, न्याय देवाचा. हे पण मी होऊ देणार नाही. पावती मागणं म्हणजे दोष काढणं नव्हे. आणि लेकराला किंवा बाईला कोणी हात लावला असेल तर तिथे मत्तय अठरा नाही, एकट्याने जाऊन समजावणं नाही, तिथे पोलीस स्टेशन. पोक्सो कायदा २०१२ पासून आहे, लहान मुलाबद्दल असं काही कळलं तर कळवणं हे कळलेल्या प्रत्येकावर बंधनकारक आहे, मग तो पाळक असो की संडे स्कूलची टीचर. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला एका माणसाला बाहेर काढायलाच सांगितलं होतं, तेही पत्रात आहे. पण त्याच पौलाच्या दुसऱ्या पत्रात एका शिक्षा झालेल्या माणसाबद्दल आहे की आता पुरे, त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. तो तोच माणूस की दुसरा हे नक्की सांगत नाहीत. मला तर वाटतं आमच्या कमिट्यांच्या फायलीत पहिलं पत्र लावलंय, दुसरं हरवलंय.

घटस्फोटाबद्दल त्या भाऊंनी लिहिलंय म्हणून सांगते. माझी एक मावसबहीण नवऱ्याच्या दुसऱ्या घरामुळे वर्षानुवर्षं माहेरी राहिली. मोकळी का झाली नाही? कारण १८६९चा आमचा घटस्फोट कायदा असा होता की नवऱ्याने बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे, पण बायकोला नुसता नवऱ्याचा व्यभिचार चालायचा नाही, त्याच्यासोबत छळ किंवा दोन वर्षं टाकून दिलं असं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागायचं. हा कायदा २००१ साली बदलला. दोन हजार एक! तोवर तिचे केस पांढरे झाले होते. तिने कागद केले तेव्हा तिला संडे स्कूल शिकवणं बंद करायला सांगितलं. नवरा कोणत्याच फायलीत नव्हता, तो चर्चलाच येत नव्हता ना, न येणाऱ्याला शिक्षा कशी करणार. जे येतात तेच सापडतात.

आणि "पूर्ण व्हा" असं येशू म्हणाला आहेच की, असं कोणी म्हणेल. म्हणाला आहे, तुमचा स्वर्गीय पिता पूर्ण आहे तसे तुम्ही पूर्ण व्हा. पण त्याच्या वरच्या दोनतीन ओळी वाचा. तिथे कोण किती पितो, कोणाचं लग्न कुठे झालं असलं काही नाही. तिथे आहे की तो आपला सूर्य वाईटांवर आणि चांगल्यांवर उगवतो, पाऊस दोघांवर पाडतो, तसं तुम्ही वैऱ्यावर पण प्रेम करा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पक्व, पूर्ण वाढ झालेला असाही होतो म्हणे. आता नाशिकच्या माणसाला पाऊस दोघांवर पडतो हे समजावायला नको, निफाडला अवकाळी आली की ती कोणाचा द्राक्षबाग पापी आहे बघून येत नाही. (येशूच्या मनातला पाऊस चांगला होता, आमचा वेगळा, तो विषय सोडा.)

ती मुलगी मला भेटली. मागच्या फेब्रुवारीत, नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेत. तिथे सगळ्या धर्माचे लोक येतात, मेणबत्त्यांची रांग मोठी होती, उन्हाचं माझं डोकं दुखत होतं, आणि पुढच्या बाईने मागे वळून म्हणलं, बाई, तुम्ही बसा ना सावलीत, मी नंबर धरते. मी ओळखलं. तिच्यासोबत उंच पोरगा, मिसरूड फुटलेला, कानात ते वायर नसलेलं. मी बसले नाही. मी म्हणलं मला तुझ्याशी बोलायचंय, त्या वेळी तुझ्या दारात आलेल्यांत मीच पुढे होते, बोलले ते मीच. ती जरा वेळ बघत राहिली. म्हणली, "तुम्ही होता का? मला नाही आठवत हो बाई. मी वर बघितलंच नव्हतं. चपला आठवतात दारातल्या, एक चॉकलेटी होती, अंगठा तुटलेली."

ती माझीच होती. दोन दिवसांनी मी ती चांभाराकडे टाकली होती.

ती काही रागावली नाही, माफ केलं असं पण म्हणली नाही, रांग पुढे सरकली तशी पुढे सरकली. पोराने मला पाण्याची बाटली दिली.

त्याच बायबल स्टडीत अजून एक ऐकलं होतं ते तेव्हा आठवलं, इजिप्तच्या वाळवंटात मोशे नावाचा एक साधू होता, आधीचा दरोडेखोर, चौथ्या शतकातला. एका भावाचा न्याय करायला सगळ्यांनी त्याला बोलावलं तर तो गळकं मडकं पाठीवर घेऊन आला. हे काय विचारलं तर म्हणाला, माझी पापं माझ्या मागे गळतायत, मला दिसत नाहीत, आणि मी आलोय दुसऱ्याच्या चुकीचा न्याय करायला.

आता सध्याचं. आमच्या मंडळीत एक गृहस्थ आहेत, उपासनेत शास्त्रपाठ, म्हणजे बायबलातला उतारा, वाचायला त्यांच्यासारखा आवाज नाही. बायको गेली वर्षापूर्वी. तेव्हापासून संध्याकाळी घेतात असं ग्रुपवर फिरतंय, आणि आता त्यांचं शास्त्रपाठ वाचणं बंद करा असं निघालंय, सह्या गोळा करतायत. माझ्याकडे पण कागद आला. मी म्हणलं थांबा, मी आधी जाऊन येते. कोण सोबत येतंय असं दोघींनी लगेच विचारलं. म्हणलं, कोणी नाही.

मंगळवारी गेले. तिसरा मजला, लिफ्ट बंद, माझे गुडघे सांगायलाच नकोत. दार त्यांनीच उघडलं, वास आला की नाही ते मी लिहिणार नाही. चहा टाकला, दूध फाटलं, मग कोरा चहा प्यालो. पाणी किती वाजता येतं, मुलगा पुण्याहून फोन करतो का, गुलाबाच्या कुंडीला कसली कीड लागलीय, सगळं बोललो. अर्धा तास. तोंडापर्यंत येऊन परत जात होतं. शेवटी तेच म्हणले, "बाई, तुम्ही कशाला आलात मला माहित्येय. बोला." आणि मी, अकरा वर्षं महिला मंडळ गाजवलेली बाई, म्हणलं, "नाही हो, सहज आले होते."

दारात तीन जणी उभ्या राहून किती सोपं होतं ते.

खाली आल्यावर लक्षात आलं छत्री वरच राहिली. परत चढायची ताकद नव्हती. फोन केला तर म्हणले असू द्या, गुरुवारी या न्यायला, दूध चांगलं आणून ठेवतो.

आपली नम्र,
एक वाचक, शरणपूर रोड, नाशिक

(माझं नाव कृपया छापू नये. माझं नाव दिसलं की ती मुलगी कोण, ते आमच्यात संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळेल.)